दळण आणायला नाही म्हटलं त्याची गोष्ट

सिगरेट सोडली की डोकं दुखतं, झोप उडते, हे सगळे सांगतात. दळणाचं कोणीच सांगत नाही यार.

माझ्या सिगरेटचं घरी माहीत नव्हतं. चार वर्षं मीच हौसेने दळण न्यायचो, कारण आमच्या हेंद्रेपाड्यातल्या गिरणीमागे आरामात दोन सिगरेटी व्हायच्या. सोडल्यावर तिकडे गेलो तर परत ओढणार, म्हणून आईला सरळ सांगितलं, "मी दळण नेणार नाही."

आई गव्हाचा डबा घेऊन बघतच राहिली. "गिरणीवाल्याच्या पोरीने नाही म्हटलं का तुला?"

त्या पोरीशी मी "बारीक दळा" यापुढे कधी बोललोच नव्हतो. पण सिगरेटचं सांगण्यापेक्षा हे बरं वाटलं. म्हटलं, "हो."

आई स्वतःच गेली. तासाभराने पीठ घेऊन आली.

"विचारलं मी तिला."

"काय?"

"नाही का म्हणालीस ते. तर म्हणते, काकू, मुलगा चांगलाय, सिगरेट सोडली तर मी तयार आहे."

आई माझ्याकडे बघतेय, मी पिठाकडे.

आता तुम्हीच सांगा, सोडली म्हणून सांगू, का परत सुरू करू?