अर्जातली बाई

— नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. इकडे भिंतीकडे बसा. दार लावून घेते हां, वारा येतो म्हणून — वारा कसला, उगाच सांगतेय, हल्ली मी दार लावूनच बसते. पत्रात तुमच्या मॅडम येणार असं होतं, पण ताप काय सांगून येतो? तुम्ही आलात, झालं. अनुदान देणाऱ्या संस्थेतून माणूस भेटायला येणार म्हटल्यावर सकाळपासून झाडलोट केली, तरी हा जुन्या अंकांचा ढीग काही जागचा हलला नाही. तर हे आमचं ऑफिस. साप्ताहिक इथूनच निघतं. संपादक मी, बातमीदार मी, अंक पोचवणारीही मीच — वाचक तेवढे दुसरे आहेत, आणि तेही सगळे वाचतात असं नाही. हसा, हसा. या खोलीत कुणी हसलं की बरं वाटतं.

अर्ज वाचलाय ना तुम्ही? घाम काढला हो त्या अर्जानं. 'अपेक्षित परिणाम' — काय लिहू? नदी स्वच्छ होईल असं लिहिलं तर खोटं, आणि माझं डोकं फुटेल असं लिहिलं तर तुम्ही पैसे देणार नाही! 'जोखीम व्यवस्थापन' असाही एक रकाना होता, त्यात मी लिहिलं, 'जपून राहू'. बस. मैत्रीण म्हणाली, अगं, पानभर तरी भर. पण खरं सांगू का, दुसरं करणार काय? मघाशी तुम्ही जिना चढत होतात ना, तर नुसती पावलं ऐकून मी फोन हातात घेऊन उभी राहिले. खालचा शिंपी सांगत होता, परवा कुणीतरी येऊन विचारून गेलं — बाई कधी येतात, एकट्याच असतात का. शिवायला काही टाकलं नाही, माप दिलं नाही, नुसतंच विचारलं आणि गेलं. जाहिराती तर कधीच बंद झाल्या, ज्याला त्याला नदीकाठच्या त्या कारखान्याशी धंदा करायचाय. म्हणून तुमच्या अनुदानाकडे डोळे लावून बसलेय. ते मिळालं तर पाणी चांगल्या लॅबमध्ये तपासून घेता येईल, वकिलाला दाखवून छापता येईल. नाही मिळालं तर या खोलीला कुलूप. घाबरत नाही मी — म्हणजे घाबरते, पण कामापुरतीच.

हां, ते विचारणारच तुम्ही, माहिती कुठून आली. आतूनच आली. कापडाच्या रंगांचा कारखाना, सांडपाणी साफ करायची यंत्रणा आहे त्यांच्याकडे, आहे ना — तपासणीवाले आले की चालू, गेले की बंद, वीज फार खाते म्हणे. मग दुपारी सगळे कॅन्टीनला जेवायला गेले की मागचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि सगळं तसंच्या तसं नदीत. हे अर्जातल्या त्या बाईनं डोळ्यांनी पाहिलंय. त्या यंत्रणेवरच कामाला आहे ना ती. फोनवर व्हिडिओ करून आणला तिनं, फोन इतका लपवून धरला होता की निम्म्या व्हिडिओत तिचे बूटच दिसतात. नाव नाही सांगणार हां मी, तुम्हालाही नाही. पण बाई खरी आहे, हे लिहून घ्या. साधी आहे हो, भांडखोर अजिबात नाही. त्या वाफांनी खोकला लागलाय कायमचा, दोन वाक्यं बोलली की ढास लागते. मी हजारदा म्हटलं, नको पडूस यात. तर म्हणते, पोरं त्याच पाण्याकाठी खेळतात, मी गप्प कशी बसू? लहानपणापासून अशीच — तोंडातून शब्द निघायचा नाही, पण माझ्या वाटेला कुणी गेलं की धावून यायची — म्हणजे, ओळखीतली आहे, एवढंच. एवढंच लिहा. किंवा तेही नका लिहू.

काय? मुलं? दोन आहेत. मोठा शाळेत जातो, धाकटी घरीच. बरोबर आहे तुमचं, उद्या काही झालं तर घरच्यांना हलवायचा खर्च अनुदानात बसतो का, हे बघायलाच हवं. बसतो? मग तर फारच छान! मला तर वाटतं, आधी त्यांनाच कुठंतरी पाठवून द्यावं, कारण पुलाजवळची ती कामगार वसाहत म्हणजे सगळं उघड्यावर, भिंतीला भिंत लागून सुपरवायझरचं घर, आणि —

थांबा.

आत्ता मुलांचं कसं विचारलंत तुम्ही? 'त्याला मुलं किती?' — त्याला.

नाही, तसंच म्हणालात. मी पहिल्यापासून ती म्हणतेय. ती बोलली, ती खोकते. अर्जातसुद्धा बाईच आहे. आमची पद्धतच आहे ती, माहिती देणारा पुरुष असला की त्याची बाई करायची, बाई असली की पुरुष, आणि नुसतं लिहिताना नाही, बोलतानाही, कारण आपल्या भाषेत आला-आली, गेला-गेली, प्रत्येक क्रियापद चुगली करतं. इतकी सवय लावून घेतलीय जिभेला, की घरी आईशी बोलतानासुद्धा दादाला 'ती' म्हण—

बघा. हेही बोलून गेले.

लिहिताय काय? पेन ठेवा खाली. ठेवा! सवयीनं आलं तोंडात? असेल, असेलही. कारखान्यातलं कुणी म्हटलं की 'तो'च येतं तोंडात, माझ्याही आलं असतं. तुम्ही खरे असाल, मॅडमना खरंच ताप असेल. थांबा, त्यांनाच फोन लावते — वाजतोय — वाजतोय — नाही उचलत. तापात झोपल्या असतील. नाहीतर — अरे देवा, काय काय सांगितलं मी? खोकला सांगितला. वसाहत सांगितली, शेजार सांगितला. तिथं खोकणारे पुष्कळ असतील, पण त्या यंत्रणेवरचा, दोन मुलांचा, सुपरवायझरच्या भिंतीला लागून राहणारा? दाराला कडी लावून बसले आणि तोंड सताड उघडं ठेवलं.

ओळखपत्र नका काढू. छपाईच्या धंद्यात आहे मी, ओळखपत्राचं मला नका सांगू. उठा. अनुदान नको मला. खरंच नको, तसं कळवून टाका — बाई विक्षिप्त आहे, भेटायला गेलो तर हाकलून दिलं. तुम्ही खरे असाल तर माफ करा मला, दारात आलेल्या माणसाशी मी असं वागत नाही. आणि खरे नसाल तर — हात जोडते, ऐका माझं, त्याचा काही दोष नाही, मीच त्याच्या मागे लागले, व्हिडिओ मीच करायला लावला. नाही छापत मी. एक ओळ नाही छापत, बंद करते अंक, तुम्ही म्हणाल ते करते, फक्त त्याला —

नाही. बोलू नका. एक शब्द नको. आत्ता तुम्ही काहीही सांगितलंत तरी मला ते खरंच वाटेल. निघा.