इंजनवाल्याच्या घरी कुणाचा दिवा

माझा जन्म तारांखालचा. लोधिवलीच्या बाजूला माझं माहेर, आणि आमच्या खाचरांवरनं खोपोलीची वीज मुंबईला जायची, जाड जाड तारांतनं, आणि घरात आमच्या रॉकेलची चिमणी. आमी पोरं त्या लोखंडी खांबाला कान लावायचो, आत काहीतरी गुणगुणायचं, मोहोळासारखं. आई वरडायची, अगं मराल गं, तर आजा म्हणायचा, काय मरत नाय, ती मुंबईच्या घाईत हाय, आपल्यासाठी कशाला थांबती.

मग लगीन झालं, गोवा सुटला त्याच्या पुढच्या साली, आणि मी आले इकडं कशेळ्याच्या अंगाला. आमचे हे भाताच्या गिरणीत इंजनवाले. दिवसा ते इंजन भात भरडायचं, आणि सांज झाली की गिरणीच्या शेठनं त्याला डायनामो जोडलेला, त्याच्यावर गावात घरटी एक दिवा. काय सांगू तुमाला त्या दिव्याचं, तो श्वास घ्यायचा. इंजन ठुक् करायचं तसा दिवा मोठा व्हायचा, परत बारीक, भिंती जवळ यायच्या, लांब जायच्या, जसं काही सगळं गाव तळ्याच्या तळाशी बसून जेवतंय. दिवेलागणीला मी हात जोडले की सासू म्हणायची, देवाला जोडतीस का नवऱ्याला गं? बंद करायच्या आधी हे दिवा लुकलुकवायचे, म्हंजे इशारा, ताटं उचला, अंथरुणं टाका. सगळं गाव यांच्या हातानं झोपायचं.

पण माझं शिलाईचं मशीन होतं, माहेरनं आलेलं. लग्नसराईत झंपरांचा ढीग पडायचा, आणि त्या श्वास घेणाऱ्या दिव्यात एका सुईच्या दोन दिसायच्या, मग खरी सुई बोटात गेली की कळायचं ती कुठली ते. डोळ्यांना धार लागायची. यांना मी काय बोलले नाय.

बऱ्याच वर्षांनी सरकारी खांब आले. मग गावात पारावर तेच, ही तार घ्यायची का ती. शेजारची गंगूकाकी म्हणायची, शेठचा दिवा विझला तर शेठच्या दारात जाऊन भांडता येतं, सरकार विझलं तर कुठं जायचं रं, कर्जतला? दुसरा म्हणायचा, पण सरकारी दिवा पहाटेपण लागतो. काय ठरंना. मग सगळे आमच्याच घराकडं बघायला लागले, इंजनवाल्याच्या घरी कुणाचा दिवा लागतो ते बघू. शेठनं यांना बोलावून सांगितलं, आपलाच माणूस सुटला तर गाव राहील का? इंजन बंद तर तू काय करणार?

मग उद्घाटन. शाळेच्या पटांगणात मांडव, हार, कागदी फुलं, पुढारी दुपारचे येणार ते सांजेला आले, आणि नेमकी तेव्हाच सरकारी लाइन गेलेली. साहेब लोकांची पळापळ. गुपचूप गिरणीतनं वायर ओढली मांडवापर्यंत, आणि इंजनाचा आवाज कळू नये म्हणून बँडवाल्यांना सांगितलं, वाजवत राहा, थांबायचं नाय. पुढाऱ्यांनी बटण दाबलं, दिवे लागले, टाळ्या. म्हणाले, आजपासून तुमचा अंधार संपला. आणि मी वर बघते तर दिवा श्वास घेतोय. मी म्हटलं, काकी, हा तर आमचाच. काकी म्हणाली, गप गं, भाषण चाललंय. बँडवाले बिचारे घामानं निथळले.

घरी आले तर हे हात पुसत बसलेले, रॉकेल-डिझेलचा वास, आणि हसतायत. म्हणाले, कसा होता सरकारी दिवा? मी पण हसले. मग म्हणाले, तुला कुठला पायजे ते तू सांग. मी म्हटलं, तुमच्या दिव्यात सुया दोन दिसतात. एवढंच. त्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं. म्हणाले, इतकी वर्षं बोलली नाहीस, मग घे सरकारी लाइन.

घेतली. मागोमाग आळीनं घेतली, गावानं घेतली, आणि शेवटी शेठनंच गिरणीला विजेची मोटर बसवली, डिझेल परवडत नाय म्हणाला. यांना ठेवलं, पण भात ओतायला. लोक म्हणायचे, बायकोनं इंजन बंद पाडलं. हे म्हणायचे, शेठनं मोटर घेतली तेव्हा कुठं होतात रं?

आता आमची डोकी पांढरी झाली. इंजन गिरणीच्या मागं पडलंय, त्याच्यावर घोसाळ्याचा वेल चढलाय, भाजीला मी तिथनंच काढते. सरकारी दिवा चांगला हाय, स्थिर, फक्त श्वास घेत नाय. कधी जातो, तेव्हा आळी शिव्या देते, आणि हे ओटीवर कान देऊन बसतात, जसं काय ठुक् आत्ता येईल.

आणि एक सांगते, हसू नका. झोपायच्या वेळी हे दिवा सरळ बंद करत नायत. आधी बटण खालीवर करून लुकलुकवतात. आख्ख्या गावाला द्यायचा इशारा आता एकट्या मला. मी सुई टोचून ठेवते, कापड घडी करते, आणि म्हणते, हं, करा आता.