भर दुपारची गोष्ट

इस्मानी: खोटं बोलू नकोस, आई. तुझ्या नातीला वाचताच येत नाही, असं तिच्या वर्गाची मादाम मला शाळेच्या गेटवर म्हणाली. सगळ्या बायकांसमोर!

ग्रान: येतं तिला.

इस्मानी: मग वर्गात पुस्तक उघडून मुकी का बसते? उद्या सकाळी शेवटचं वाचून घेणारेत. नाही वाचलं तर परत पहिलीत, शेंबड्या पोरांत. सीमेपलीकडं सांतो दोमिंगोत मी लोकांचे संडास घासते, हैतीची म्हणून शिव्या खाते, ते यासाठी?

ग्रान: ओरडू नकोस. तुरी सांडतील माझ्या.

इस्मानी: ज्युदलीन! ये इकडे. ती बाहेर टॅपटॅपची गाडी उभीय ना, तिच्यावर काय लिहिलंय?

ज्युदलीन: ‘थँक्यू येशू.’ आणि मागं, ‘लटकू नका.’

इस्मानी: आणि या औषधाच्या बाटलीवर?

ज्युदलीन: ‘जेवणानंतर दोन चमचे. लहान मुलांपासून दूर ठेवा.’

इस्मानी: अगं, फडाफडा वाचतेस की! हे घे, शाळेचं पुस्तक. वाच.

ज्युदलीन: नाही.

इस्मानी: का?

ज्युदलीन: ऊन आहे.

इस्मानी: ऊन आहे म्हणजे?

ग्रान: म्हणजे ऊन आहे. पुस्तकात गोष्ट आहे, इस्मानी. गोष्ट दिवसा सांगायची नसते. रात्री दिव्यापाशी अख्खी वाचून दाखवते मला. विचार शेजारणीला.

इस्मानी: अगं बाई! दिवसा गोष्ट सांगितली की आई मरते, हे तू हिच्याही डोक्यात घातलंस?

ग्रान: तुझ्याही घातलं होतं. पाळलंस म्हणून जिवंत आहे मी.

इस्मानी: दिसतंय.

ग्रान: बोल, बोल. वर्षातनं दोनदा येणार, येताना साबण आणणार, जाताना अक्कल शिकवून जाणार.

इस्मानी: मी तिकडं मजा मारायला जाते?

ग्रान: आणि इथं ही पोर हसं करून घेते, तुझा जीव जाऊ नये म्हणून! म्हण तिला ठोंबी.

इस्मानी: ज्युदलीन... खरं? मादाम ओरडते तरी?

ज्युदलीन: तू लांब असतेस. तुला काही झालं तर मला कळणार कसं?

इस्मानी: आई, सांग तिला. हे सगळं खोटं आहे म्हणून सांग. तुझंच ऐकते ती.

ग्रान: नाही सांगणार.

इस्मानी: वर्ष जाईल तिचं!

ग्रान: जाऊ दे. तुझ्यासारखी मला दुसरी नाही.

इस्मानी: मग कान झाक आणि गप्प बस. ज्युदलीन, मी ही इथं बसले, तुझ्यासमोर. हात धर माझा. आता वाच.

ज्युदलीन: आत्ता?

इस्मानी: आत्ता. मला काही झालं तर लगेच कळेल ना तुला?

(ग्रान तुरी पाखडायचं सूप बाजूला ठेवते. कान झाकत नाही.)

ज्युदलीन: ‘एक कासव होतं. त्याला...’ मम्मी?

इस्मानी: आहे. पुढं.

ज्युदलीन: ‘त्याला बाजारात जायचं होतं, पण...’ मम्मी, तू डोळे मिटलेस!

इस्मानी: पापणी लवली गं, माझे आई!

ज्युदलीन: ‘पण त्याला...’ नाही, ‘पण वाटेत...’

ग्रान: ए, सारखी तिच्या तोंडाकडं बघशील तर ओळ चुकेल. तिच्याकडं मी बघते. तू वाच.