दोन बोटं माया

पाटकरी : साहेबांनी नकाशावर ठरवलंय, मावशी. तुमचा आणि शेजारच्या टेलरकाकांचा पाट लावायचा.

मावशी : काय लावायचा?

पाटकरी : पाट. दोघांचा मिळून एकच.

मावशी : मेल्या, आत ये आणि हळू बोल. नवरा जाऊन माझे केस पिकले. आता माझा पाट तुझा साहेब लावणार? तोही नकाशावर?

पाटकरी : सगळ्या वस्तीचे तिथेच ठरलेत. वरच्या ओळीत तर तिघा भावांना मिळून एकच दिलाय.

मावशी : अगं बाई! आणि ते कबूल झाले?

पाटकरी : खूश आहेत. म्हणाले, निदान कोरडं तरी राहणार नाही.

मावशी : या पलीकडच्यांना विचारलंस?

पाटकरी : विचारलं की. ते म्हणाले, माझी ना नाही, पण खणताना माती माझ्या अंगणात टाकू नका.

मावशी : खणताना? अरे, पाण्याचा पाट म्हणतोस का तू?

पाटकरी : मग दुसरा कुठला?

मावशी : पाण्याचा पाट काढतात, बाळा. पाट लावतात तो विधवेचा. दुसरं लग्न. एका शब्दाने पार ध चा मा केलास. आधी काय करायचास?

पाटकरी : लिफ्ट चालवायचो. म्हणजे अख्खी ओळ सकाळपासून हसत होती ती यालाच?

मावशी : अख्ख्या ओळीला सांगितलंस? झालं. आता कुठे तोंड लपवू?

पाटकरी : ते नंतर बघू. तुमचा दोघांचा होकार आला नाही, तर या बाजूचं पाणी खालच्या ओळीला जाईल. सोमवारी सुटतंय.

मावशी : माझी लिंबाची रोपं बघितलीस? या माळावर घागरीने पाणी घालून जगवलीत. आता खांदा वर होत नाही. हे पाणी गेलं तर ती गेलीच. पण त्या माणसाशी बोलायचं म्हणजे... इथे राहायला आले, सगळेच नवखे. म्हटलं, शेजाऱ्यांकडे विळा मागावा. तर हे महाशय गळ्यातली टेप काढून आमचा बांध मोजत बसलेले. तेव्हापासून अबोला.

टेलरकाका : मला ऐकू येतंय. मध्ये पत्रा आहे, भिंत नाही.

मावशी : सांग त्यांना, ऐकायचं तर दारातून येऊन ऐका.

टेलरकाका : आलो. सांग त्यांना, मी रिकामा बसलो की मोजतो. हाताची खोड आहे. म्हैससुद्धा मोजलीय.

मावशी : विचार त्यांना, कशाला?

टेलरकाका : दुकान सुटलं, टेप सुटली नाही. तुमचं कुंपण वीतभर माझ्या जागेत निघालं. मी बोललो का कधी?

मावशी : आत्ता बोललात. तेही सरळ माझ्याशी.

पाटकरी : माझं काम हलकं झालं. पाट बांधावरूनच जाईल. दोघांची जमीन सारखी जाईल.

टेलरकाका : नेमकी सारखी नको. कापड बेतताना शिलाईला माया ठेवावी लागते, दोन बोटं. नाहीतर पहिल्याच ताणाला उसवतं. पाटाच्या कडेलाही ठेवा.

मावशी : आणि ही माया कुणाच्या बाजूने?

टेलरकाका : मी तुमच्या बाजूने म्हणणार होतो.

मावशी : वाटलंच.

टेलरकाका : आता माझ्या बाजूने धरा. वीत गेली, तिथे दोन बोटांचं काय.

मावशी : नको. दोन बोटं माझीही धर रे. फुकटची माया मला पचत नाही.

पाटकरी : मग साहेबांना सांगतो, पाट लावायला दोघंही...

मावशी : काढायला!

(सोमवार. मावशी आणि पाटकरी लिंबाच्या वाफ्याशी. टेलरकाका लांब, पाटाच्या तोंडाशी.)

टेलरकाका : अहो, पोचलं का?

मावशी : कुणाला 'अहो' म्हणतायत ते?

पाटकरी : तुम्हालाच. इथे दुसरं कोण आहे?

मावशी : पहिल्या रोपाशी आलं बघ. माती कशी घटाघटा पितेय. सांग त्यांना.

पाटकरी : मी पाणी सोडायच्या नोकरीत आहे, मावशी. निरोपाच्या नाही.

टेलरकाका : अहो, पोचलं का?

मावशी : पोचलं, अहो.