आतली रांग

—आता तो काठ सोडा बघू, जावईबापू, होडी कुठं पळून जात नाही. अजून जावई झाला नाहीत, ठाऊक आहे मला, पण दोनदा उलटी करूनही 'मी ठीक आहे, काकू' म्हणताय, म्हणजे लक्षणं तीच. हे लिंबू चोखा. आणि लांब कुठंतरी बघत राहा, पाण्यात नको.

हं, तर हा दोर. वर तरंगत्या पिंपाला बांधलेला, खाली पाण्यात लोंबतोय, आणि त्याला शिंपले — ओढा की माझ्याबरोबर, हातांना जरा कळू दे काम म्हणजे काय — बघितलंत? अर्धा बोडका. कुणी चोरले? कुणी नाही. शिंपला आपल्याच धाग्यांनी दोराला धरून बसतो, आणि पाणी तापलं की ते धागे लेचेपेचे होतात, मग जरा मोठी लाट आली की सगळं खानदान तळाला. गेल्या उन्हाळ्यात पाणी इतकं कोमट, की आंघोळीला काढून घ्यावं — हसा, हसा, मीपण हसले होते, दोर वर ओढेपर्यंत. माझ्या सासऱ्यांच्या वेळी या आतल्या, किनाऱ्याजवळच्या रांगेचा एक दोर ओढायला दोन दणकट गडी लागायचे. आता तुमच्यासारखा एकसुद्धा पुरतो.

तुमची ती काय गप्प बसणारी आहे? म्हणाली, आई, खाली पाणी गार आहे, दोर लांब करू. केले. इतके लांब केले, की टोकं तळाला टेकली, आणि तारामाशांना आयतीच शिडी मिळाली — वरपर्यंत चढून सगळं फस्त. मी तिला किती दिवस चिडवत होते, तारामाशांची अन्नदाती म्हणून. माझ्यासमोर हसायची, आणि मागं शेडमध्ये दोर धुताना रडायची — हे सांगू नका हं तिला. मग काय केलं असेल बाईंनी? बाहेर, खोल पाण्यात नवी रांग टाकली. तिथं मात्र शिंपले धरलेत, गच्च धरलेत, काळे कुळकुळीत—

काय? मग तिकडे का नाही नेलं? अहो, लांब आहे ते, तुमचं हे पोट — बरं, खरं सांगते. तिनं बजावलं होतं मला, 'आई, त्याला बाहेरचीच रांग दाखव, ती बघून तो इथं राहायचं की नाही ते ठरवणार आहे.' आणि मी मुद्दाम इकडे वळवली होडी. का म्हणजे? बाहेरचं पाणी तरी किती वर्षं गार राहणार? ते तापलं की ही आणखी बाहेर जाणार, बापासारखी हट्टी आहे — आणि तिथं वादळात सापडलं तर किनारा दिसतसुद्धा नाही. तुम्हाला शहरात चांगली नोकरी आहे. घेऊन जा तिला. माझं नाही ऐकायची, तुमचं ऐकेल. मला भीती वाटते हो, दुसरं काही नाही.

असं काय बघताय? काय म्हणालात — ती गेल्यावर इथं मी एकटी काय करणार?

तुम्ही आधी त्या दोरावरचा पाय काढा. काढा म्हणते ना. आणि बसा त्या बाहेरच्या रांगेकडे तोंड करून, इंजिन सुरू करते मी.