सरासरीच्या वर सहा गुण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पतसंस्थेचे चेअरमन हॅल्वरसनसाहेब, व्यासपीठावरची संचालक मंडळी, सत्कारमूर्ती डार्लीनबाई, आणि केक कधी कापतात याची वाट बघत बसलेल्या माझ्या सभासद बंधुभगिनींनो,

मी वेंडेल प्रुइट. चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, भाषणाची सवय नाही. माझी बायको मार्जीन आज असती तर एव्हाना तिनं मला बाही ओढून खाली बसवलं असतं.

डार्लीनबाई आज एकतीस वर्षांनी निवृत्त होताहेत. त्यांनी कर्ज नाकारलं तरी माणूस अपमान घेऊन बाहेर पडला नाही, हे आधीचे वक्ते बोललेच. मी त्यांच्या गुरुवारच्या वर्गाबद्दल बोलतो. आठवतो ना? क्रेडिट स्कोअर म्हणजे काय, देशाची सरासरी किती आणि त्यात आपण कुठे? बाई याच फरशीवर निळी चिकटपट्टी लावायच्या. पट्टी म्हणजे सरासरी, सातशे पंधरा. ज्यानं त्यानं आपल्या स्कोअरप्रमाणे पट्टीच्या पुढे नाही तर मागे उभं राहायचं. काय हशा पिकायचा! "हँक, अजून मागे सरक, भिंत फोडून पार्किंगमध्ये जा!" हँक, तूच सगळ्यात मोठ्यानं हसायचास.

पहिल्या गुरुवारी मार्जीन पार मागे, भिंतीला टेकून उभी होती. पाचशे ऐंशी. गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल थकून वसुलीवाल्यांकडे गेलेलं. सगळ्यांबरोबर तीही हसली. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाली, "वेंडेल, ती पट्टी मी ओलांडणार बघ. मग या चाकांवरच्या पत्र्याच्या ट्रेलरघरातून बाहेर पडू, पक्कं घर घेऊ."

चार वर्षं लागली. सातशे एकवीस झाले. बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, घराच्या कर्जावर शुक्रवारी सह्या.

त्या मंगळवारी सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. मी फोन उचलला.

"ठेव तो. अँब्युलन्सचं हजारभर डॉलरचं बिल कोण भरणार, तुझा बाप? पुन्हा थकलं की मी परत भिंतीपाशी. शुक्रवारी सही झाली की जाऊ डॉक्टरकडे."

"नक्की?"

"अपचन आहे रे. कॉफी कर."

मी कॉफी केली. दुपारी ती गेली.

केक थांबेल, मंडळी. मीही फार वेळ घेणार नाही.

बाई, तुम्ही दफनाला आलात, तेव्हा तिनं मला फोन का ठेवायला लावला ते मी तुम्हाला सांगितलं. पुढच्या गुरुवारपासून वर्ग बंद. वार्षिक अहवालात कारण छापलंय, "अपुरी उपस्थिती". खुर्च्या पुरत नव्हत्या त्या वर्गाला! खरं कारण तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत, पण मला ते कळलं होतं.

"यात तुमचा काही दोष नाही" असं एक वाक्य मी घरून लिहून आणलंय. तेवढ्यासाठीच आज बोलायला उभा राहिलो. पण तुमच्याकडे बघताना ते माझ्याच्यानं वाचवत नाही.

संचालक मंडळानं संधी दिली, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. ते वाक्य तेवढं राहून गेलं, बाई. ते मला आजवर स्वतःलाही म्हणता आलेलं नाही.