अकरावा कागद

— नाही, तारीख मी अंदाजाने सांगत नाहीये, लिहून घे. गुरुवार, सात एप्रिल एकोणीसशे त्र्याऐंशी, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. जागा शेफिल्ड, अरंडेल स्ट्रीट, काटे-चमच्यांच्या कारखान्याचा दुसरा मजला. हजर माणसं तीन — गाणारा डेरेक, वाजवणारा ग्रॅहम, आणि मी. मी कोण, ते तुमच्या त्या पुस्तिकेत शोधून दाखव. अठ्ठेचाळीस पानं आहेत, मी दोनदा वाचली. अरे, उभा का तू टोबी? बस. कोट टाक त्या खुर्चीवर, तिथे कुणी बसत नाही. चहा इथे लंडनसारखा पाणचट मिळत नाही, आधीच सांगते. साखर? घे, घे, एवढा चढ चढून आलायस. वॉकलीचा हा चढ पाहूनच निम्मे लोक माघारी जातात — म्हणजे जात असतील, येतंय कोण म्हणा.

तर तुला माझे कागद हवेत. चाळीस वर्षांनी कंपनीला आठवण झाली की ‘कोल्ड कॅन्टीन’ नावाचा एक बॅण्ड होता आणि त्याचे चारही अल्बम एका जाडजूड खोक्यात घालून, सोबत ही पुस्तिका जोडून विकता येतील. विका की. पण त्या आवाजांचे कागद तपकिरी का, हे तरी विचारलं का कुणी? तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मी खाली पहिल्या मजल्यावर चमच्यांना पॉलिश करायचे. डोक्याला लाल फडकं, आणि पायांना तपकिरी कागद गुंडाळून वर दोरी — चाक फिरलं की काळा चिखल उडतो, म्हणून आम्ही सगळ्याच बायका तसं करायचो. आणि वरच्या मजल्यावरून दिवसभर आवाज — बादलीत घंटा बुडवावी तसा. एक दिवस भांडायलाच वर गेले. बघते तर दोन पोरगेले पुरुष एका कपाटाएवढ्या सिंथेसायझरपुढे सुतकी चेहऱ्याने बसलेले. एक डेरेक, गालिचे विकायचा, बोलायला चोख. दुसरा ग्रॅहम पॅशली, पोलादाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत होता, बोलायला — जाऊ दे, बोलायचाच नाही. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणे काल एक सुंदर आवाज सापडला होता, आज तो मिळत नाही. त्या यंत्राला आठवणच नव्हती ना. एकतीस फिरती बटणं, एखादं जरा सरकलं की आवाज गेला. आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला लिहून ठेवायचं सुचलं नाही. मी म्हटलं, अरे बाबांनो, चित्र काढा की. कागद कुठाय, डेरेक म्हणाला. मी पायाचा सोडला. एकतीस गोल काढले, प्रत्येकात घड्याळाच्या काट्यासारखी एक रेघ — हे बटण पावणेदोनला, ते बरोबर बाराला, हे साडेचारला. ग्रॅहमने दुसऱ्या दिवशी तो कागद समोर ठेवून आवाज लावला, आणि जसाच्या तसा आला. असं त्रेचाळीस वेळा झालं. त्रेचाळीस कागद. अर्धे आवाज तर मीच शोधलेले, पण ते राहू दे.

पहिला अल्बम ‘फर्नेस सिक्स’, ऐंशी साल — नऊशे प्रती खपल्या, त्यातल्या चाळीस डेरेकच्या आईने घेतल्या. दुसरा ‘ब्रिडलिंग्टन इन ग्लास’, ब्याऐंशी — तो खपाच्या यादीत तिसऱ्या नंबरवर गेला, जर्मनीत तर लोक वेडे झाले. मुखपृष्ठाच्या आत आभार मानलेत, बघ कधी. कोपऱ्यावरच्या मासे-चिप्सवाल्याचे आभार आहेत. स्टुडिओतल्या मांजराचे आहेत, नावानिशी. मी डेरेकला विचारलं, तर म्हणाला, ‘नोरीन, तू तर घरचीच.’ घरचीच. घरच्या माणसाला काही द्यायचं नसलं की हे एक बरं असतं.

आणि मग तो गुरुवार. तिसरा अल्बम लंडनला करायचा ठरला होता, नवी यंत्रं, आठवण असलेली — बटण दाबलं की आवाज हजर. पण कंपनीला एका गाण्यात जुना घंटेचा आवाज हवाच होता, अकराव्या कागदावरचा. डेरेक म्हणाला, तो कागद जरा नीट, स्वच्छ उतरवून दे, ग्रॅहम घेऊन जाईल. मी म्हटलं, आणि मी कधी निघायचं? तर म्हणाला, तुझं काय काम तिकडे. दोन वाजून दहा मिनिटं — भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत होते मी, त्याच्या तोंडाकडे बघवेना. ग्रॅहम? ग्रॅहम तिथेच होता. तारा गुंडाळत होता. गुंडाळतच राहिला. त्याचा मला डेरेकहून जास्त राग आला, आता खरं सांगते.

हो, कागद दिला उतरवून. देणार नाही तर काय. तुझी पुस्तिका काढ, पान एकतीस. वाच — मोठ्याने नको, मला पाठ आहे. ‘तिसरा अल्बम फसला, कारण ग्रॅहम पॅशलीच्या हातातली जादू गेली होती. आपलाच आवाज त्याला नऊ दिवसांत पुन्हा काढता आला नाही.’ कोणी लिहिलं हे? त्या लेखकाने ग्रॅहमला विचारलं होतं? मला? कंपनीच्या एका माणसाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि चाळीस वर्षांनी ते गुळगुळीत कागदावर छापून आलं. हे वाक्य काढा म्हणून मी फोन केला, तर तूच म्हणालास ना, पुरावा असेल तर बघू? म्हणूनच तुला बोलावलं. नाही तर कागद पोस्टानेही पाठवले असते.

पुरावा म्हणजे काय — मी आहे पुरावा. स्वच्छ उतरवताना मी सातवं आणि एकोणिसावं बटण बदललं. फार नाही, अर्ध्या-अर्ध्या तासाने. साडेतीनचं चार केलं. आवाज घंटेचाच यावा, पण फुटक्या घंटेचा. मला वाटलं, एक दिवस धडपडतील, मग फोन येईल — नोरीन, ये बाई, तुझ्यावाचून अडलंय. गाडीचं वेळापत्रक काढून ठेवलं होतं मी. बॅगसुद्धा — हसू नकोस. नाही, हसला नाहीस, माहीत आहे.

फोन आलाच नाही. अकरा एप्रिलपासून नऊ दिवस ग्रॅहम लंडनला नेलेल्या त्या जुन्या यंत्रापुढे. सगळे म्हणाले कागद फेकून दे, कानाने लाव. तो म्हणाला, नोरीनचा कागद चुकत नाही, यंत्रच बिघडलंय. यंत्र उघडलं म्हणे त्याने, सगळे भाग टेबलावर मांडून पुन्हा जोडले. वीस तारखेला त्याला काढलं. एका ओळीचं पत्र. अल्बम एकेचाळिसाव्या नंबरवर जाऊन पडला, चौथा तर कुणी ऐकलाही नाही, आणि डेरेक आता म्हाताऱ्यांच्या जहाजसफरींवर दुसऱ्यांची गाणी गातो. ग्रॅहम रॉदरहॅमला एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागला. एकोणचाळीस वर्षं.

आणि दर रविवारी इथे यायचा. चार वाजता. त्याच खुर्चीत, जिच्यावर तुझा कोट आहे — राहू दे रे, उचलू नकोस. चहा, एक बिस्किट, फुटबॉलचे निकाल, पाचची बस. त्या अल्बमचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. दर रविवारी ठरवायचे, आज सांगायचं. मग तो म्हणायचा, पाऊस येईल वाटतं, निघतो. गेल्या फेब्रुवारीत गेला. रविवारी अजून चारला किटली लावते मी, आणि मग एकटीच — असो.

फॉर्मवर सही? ‘मूळ आवाज-आराखडे: नोरीन शिमवेल.’ बघितलं मी. नाव बरोबर लिहिलंय, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पण एकतिसाव्या पानावर ते वाक्य असताना या पानावर माझं नाव — नाही. आधी ते वाक्य काढा आणि मी आता सांगितलं ते छापा, बटणांच्या नंबरांसकट. माझं नाव त्याखाली टाका. आभारात नको, त्याखाली.

आणि हा घे, अकरावा. मी तेव्हा उतरवून दिला होता तो, चुकीचा. ग्रॅहमच्या बहिणीला त्याच्या घरी पत्र्याच्या डब्यात सापडला, तिने आणून दिला. नीट बघ, सातव्या गोलात. माझी रेघ शाईची आहे, चारला. तिच्या शेजारी पेन्सिलची दुसरी, साडेतीनला, जिथे ती असायला हवी होती. एकोणिसाव्यातही तसंच. रेघ त्याचीच आहे, ओळखते मी. खाली तारीखही घातलीय, प्रयोगशाळेतली सवय.

नाही, मला काही विचारू नकोस. मला विचारून काय मिळणार तुला. कोट घे आता, पाचची बस चुकेल. त्याला काढलं वीस तारखेला, आणि पेन्सिलने लिहिलंय तेरा एप्रिल.